अशांत देशाचा प्रवास : निर्णय कसा करावा

९ जुलै २०२२ रोजी श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील गॉल येथे ऑस्ट्रेलिया आणि श्रीलंका यांच्यातील दुसऱ्या कसोटी सामन्याचा दुसरा दिवस चालू होता. मैदानाला लागून असलेल्या जुन्या किल्ल्याच्या तटावर राष्ट्राध्यक्षांचा राजीनामा मागणारे निदर्शक दाटीवाटीने उभे होते आणि त्यांच्या घोषणा खेळाडूंच्या कानी पडत होत्या. त्याच दिवशी, तेथून सुमारे सव्वाशे किलोमीटरांवर असलेल्या कोलंबोत, हजारो नागरिक राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांच्या अधिकृत निवासस्थानात शिरून त्यांच्या तरणतलावात डुंबत होते. सामना मात्र थांबला नाही. तो ११ तारखेला रीतसर संपला आणि श्रीलंकेने एक डाव व ३९ धावांनी जिंकला. त्याच्याच आठवडाभर आधी, ४ जुलैला, कँडीजवळच्या पल्लेकेले येथे सांगलीची स्मृती मानधना आणि शफाली वर्मा यांनी एकही गडी न गमावता १७४ धावा काढून भारतीय महिला संघाला विजय मिळवून दिला होता. आणि तरीही गॉलचा सामना संपल्यावर तीन आठवड्यांच्या आत, श्रीलंकेत व्हावयाची आशिया चषक स्पर्धा संयुक्त अरब अमिरातीत हलविल्याचे जाहीर झाले.

एकच देश, एकच महिना; मग तो जाण्याजोगा होता की नव्हता? ज्याने सहा महिने आधी तिकिटे काढून ठेवली आहेत अशा कोणाही कुटुंबापुढे हाच पेच पडतो. दूरचित्रवाणीवर जळणारी वाहने दिसत असतात आणि दूरध्वनीवरून तिकडचा हॉटेलवाला सांगत असतो, की इकडे सगळे शांत आहे, खुशाल या. घरातील थोरली मंडळी पहिल्या साक्षीवर विश्वास ठेवतात, धाकटी दुसरीवर. आणि गंमत अशी, की बहुधा दोन्ही साक्षी खऱ्याच असतात.

जमाव कोठे जमतो

आंदोलन सबंध देशावर सारख्या जाडीने पसरत नाही. ज्याच्याकडे गाऱ्हाणे न्यावयाचे तो जेथे बसतो तेथे माणसे जमतात, हा त्याचा पहिला नियम. कोलंबोतील गॉल फेस हे समुद्रकाठचे मैदान राष्ट्राध्यक्षांच्या सचिवालयासमोरच आहे, म्हणून एप्रिल २०२२ मध्ये तेथे तंबूंचे गावच वसले. कैरोच्या तहरीर चौकाभोवती सरकारी कचेऱ्यांचा गराडा आहे. काठमांडूत संसदेची इमारत न्यू बानेश्वरला असल्यामुळे सप्टेंबर २०२५ मधील तरुणांचा मोर्चा तेथेच धडकला. या जागा नकाशावर आधीच दाखविता येतात, आणि ज्याला प्रवासाचा विचार करावयाचा आहे त्याने बातम्या वाचण्यापूर्वी हा नकाशा उघडावा असे मी म्हणेन.

दुसरा प्रकार जरा अधिक कावेबाज आहे. सत्तेच्या दारात बसून जेव्हा सत्ता हालत नाही, तेव्हा जेथे दाब दिल्याने सगळ्यांना दुखेल अशी जागा शोधली जाते. बँकॉकमध्ये २०१० साली लाल सदरेवाल्या आंदोलकांनी एप्रिलपासून १९ मेपर्यंत राचप्रासोंग हा चौक अडवून धरला; तो मंत्रालयांचा नव्हे, उंची दुकानांचा आणि पंचतारांकित हॉटेलांचा चौक आहे, आणि अखेरच्या दिवशी तेथील एका भव्य व्यापारी संकुलाला आग लागली. परदेशी पाहुणा जेथे उतरतो तीच ही वस्ती. काठमांडूत ९ सप्टेंबर २०२५ रोजी सिंहदरबार, संसद आणि सर्वोच्च न्यायालय यांच्याबरोबर हिल्टन हॉटेलही जळाले. तेव्हा पर्यटकांच्या वस्तीला कोणी हात लावत नाही, हा जो आश्वासक समज हॉटेलवाल्यांच्या बोलण्यात असतो, तो पुष्कळदा खरा असला तरी त्यावर विसंबून राहता येत नाही.

कॅमेऱ्याचे प्रकरण यावरून उलगडते. तो जमावाच्या मागोमाग जातो, म्हणून त्याला चौकच दिसतो. हॉटेलवाला आपल्या गल्लीत उभा असतो, म्हणून त्याला गल्लीच दिसते. प्रवाशाला या दोहोंच्या मधला रस्ता पाहावयाचा असतो, आणि तो तर दोघांनाही दिसत नाही. कोलंबोचा विमानतळ शहरात नसून उत्तरेस कटुनायके येथे आहे. तेथे उतरून राजधानीत पाऊलही न टाकता निगोंबोला किंवा कँडीकडे जाता येते. काठमांडूचा विमानतळ मात्र शहराच्या पोटात आणि न्यू बानेश्वरपासून अगदी जवळ आहे. दोन्ही राजधान्या पेटल्या असता या एका भौगोलिक फरकाने प्रवाशाच्या नशिबात केवढे अंतर पडते!

दंगलीहून खोळंबा मोठा

अशांत देशात गेलेल्या परक्या माणसाला जमावाने मारल्याची उदाहरणे थोडी आहेत. तो खोळंबून राहिल्याची मात्र असंख्य आहेत. पावसाळ्यात आंबोलीचा घाट उतरू पाहणारा शहाणा माणूस पाऊस किती पडतो आहे यापेक्षा दरड कोठे कोसळण्याजोगी आहे आणि कोसळलीच तर वरच्या अंगाला रात्र काढण्याची सोय आहे की नाही, याची चौकशी आधी करतो. देशांनाही अशा दरडीच्या जागा असतात: इंधन, विमानतळ, दूरसंचार आणि रोकड.

श्रीलंकेत जी मूळ व्याधी होती ती परकीय चलनाच्या टंचाईची. कर कमी केल्यामुळे तिजोरी आटली होती, करोनाच्या साथीमुळे पर्यटक येईनासे झाले होते, आणि २०२१ साली रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केल्यामुळे शेती खचली होती. डॉलर नाहीत म्हणून तेल नाही, तेल नाही म्हणून वीज नाही. मार्च २०२२ च्या अखेरीस दिवसाकाठी तेरा-तेरा तास अंधार होता. १२ एप्रिलला सरकारने परकीय कर्जाची फेड थांबविल्याचे जाहीर केले आणि २७ जूनला अत्यावश्यक सेवा वगळता इतर वाहनांना पेट्रोल-डिझेल विकण्यास मनाई केली. गॉलचा पहिला कसोटी सामना यानंतर अवघ्या दोन दिवसांनी सुरू झाला हे पाहिले म्हणजे क्रिकेटचे कोडे सुटू लागते. एक पाहुणा संघ, त्याच्यासाठी राखलेली बस, ठरलेले हॉटेल आणि पोलिसांचा बंदोबस्त, एवढ्यापुरते तेल कोणतेही सरकार काढून ठेवू शकते. आशिया चषकासाठी येणारे सहा संघ, त्यांच्यामागून येणारे हजारो प्रेक्षक, रात्रीचे सामने आणि सतत चालणारी ने-आण, यांची तजवीज त्या तेलात होण्याजोगी नव्हती. यजमान मंडळाने स्वतःच असमर्थता कळविली. पाठोपाठ आलेल्या पाकिस्तानच्या संघाचा कोलंबोतील सामनादेखील गॉललाच नेण्यात आला. म्हणजे प्रश्न श्रीलंकेत जाण्याचा नव्हताच. कोणत्या बंदोबस्ताने आणि कोणत्या गावी, याचा होता. सामान्य प्रवाशाला, अर्थात, संघाची बस मिळत नाही. तो पेट्रोलच्या रांगेत उभ्या असलेल्या टॅक्सीवाल्याच्या दयेवर असतो. त्या दिवसांत विमानांनाही कोलंबोत पुरेसे इंधन मिळत नसे आणि लांब पल्ल्याची काही विमाने तिरुवनंतपुरम किंवा कोचीला उतरून टाक्या भरून घेत, हे सांगितले म्हणजे टंचाई कोठवर पोचली होती त्याची कल्पना येईल.

विमानतळाची गोष्ट बँकॉकने शिकविली. २५ नोव्हेंबर २००८ रोजी पिवळ्या सदरेवाल्या आंदोलकांनी सुवर्णभूमी विमानतळच ताब्यात घेतला, मागोमाग जुना डॉन मुआंगही बंद पडला, आणि ऐन हंगामात लाखो प्रवासी ३ डिसेंबरपर्यंत जेथल्या तेथे अडकले. थोड्यांची रवानगी उतापाओ या नौदलाच्या धावपट्टीवरून झाली. एरवी एवढी गर्दी न पाहिलेल्या तेथील लहानशा इमारतीत सामानाचे डोंगर साचले. त्या आठवड्यात फुकेतच्या किनाऱ्यावर कमालीची शांतता होती. तेथील प्रवाशाला धोका असा काहीच नव्हता. फक्त बँकॉकमार्गे घरी जाता येत नव्हते.

दूरसंचाराचा आघात अलीकडे अधिक तीव्र झाला आहे. बांगलादेशात आंदोलन चालू असता १८ जुलै २०२४ च्या रात्री इंटरनेट बंद झाले ते पाचएक दिवस पूर्णपणे, आणि मोबाइलवर तर दहा दिवस. ज्या माणसाचे तिकीट, हॉटेलची पावती, नकाशा, टॅक्सी आणि पैसे हे सर्व एका फोनात आहेत त्याची अशा वेळी काय गत होते ते सांगावयास नको. तेथे वैद्यकीय शिक्षण घेणारे हजारो भारतीय विद्यार्थी आखौरा, दावकी, गेदे अशा सीमेवरील नाक्यांवरून परतले, कारण जमिनीचा रस्ता उरला होता. इजिप्तमध्ये २०११ साली इंटरनेट पाच दिवस, आणि बँका त्याहूनही अधिक काळ बंद होत्या. छापील तिकीट आणि लहान नोटांतील डॉलर बाळगणारा जुन्या वळणाचा प्रवासी तेव्हा हसण्याचा विषय राहिला नव्हता.

चौकट : सरकारी हुकुमांचे अर्थ

*जमावबंदी :* ठरावीक संख्येपेक्षा अधिक माणसांनी एकत्र येण्यास मनाई. प्रवासी फिरू शकतो. फक्त घोळक्याजवळ थांबू नये.

*संचारबंदी :* घराबाहेर पडण्यासच मनाई, बहुधा ठरावीक तासांपुरती. विमानतळाकडे जाणाऱ्यास तिकीट आणि पारपत्र दाखविल्यावर सोडण्याचा शिरस्ता बऱ्याच देशांत आहे. पण वाहन मिळेलच असे नाही.

*आणीबाणी :* पोलिस व लष्कर यांना विना वॉरंट अटक, झडती इत्यादींचे जादा अधिकार. रस्त्यावर तिचा परिणाम दिसेलच असे नाही. पण निदर्शनाचे छायाचित्र काढणे हा तेव्हा किरकोळ अपराध राहत नाही.

*बंद :* हा सरकारचा नव्हे, आंदोलकांचा हुकूम. नेपाळमध्ये बंदच्या दिवशी 'फक्त पर्यटकांसाठी' असा फलक लावलेल्या गाड्यांना वाट देण्याचा रिवाज पुष्कळ वर्षे पाळला गेला.

अशांततेचेही पंचांग असते

उठाव अकस्मात होतात असे आपण म्हणतो, ते अर्धेच खरे आहे. श्रीलंकेत ३१ मार्च २०२२ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या मिरिहान येथील खासगी घरासमोर लोक जमले. ९ एप्रिलला गॉल फेसचा मुक्काम सुरू झाला. ९ मे रोजी सरकार-समर्थकांनी त्या मुक्कामावर हल्ला केला, त्याची प्रतिक्रिया उसळली आणि पंतप्रधान महिंदा राजपक्षे यांनी राजीनामा दिला. ९ जूनला त्यांचे बंधू बासिल यांनी खासदारकी सोडली. आणि ९ जुलैला राष्ट्राध्यक्षांचा वाडा आंदोलकांच्या हाती पडला. नऊ तारीख पुढे पुढे आंदोलकांनी हेतुतः धरली, आणि ९ जुलैचा मोर्चा तर आधीच उघड जाहीर झाला होता. त्या उन्हाळ्यात कोलंबोला जाणाऱ्याने एवढेच पाहिले असते, की आपला मुक्काम नऊ तारखेला राजधानीत पडत नाही, तरी पुष्कळ काम भागले असते. निवडणुकीचा निकाल, न्यायालयाचा मोठा निवाडा, एखाद्या हत्याकांडाचा स्मृतिदिन, अर्थसंकल्प, या साऱ्या अशाच आधी ठाऊक असलेल्या तिथी होत.

नेपाळचा अनुभव उलट आहे, आणि म्हणूनच तो अधिक विचार करण्याजोगा आहे. ४ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारने २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली. ८ तारखेला तरुण रस्त्यावर आले आणि गोळीबारात त्या एका दिवसात १९ माणसे मेली. ९ तारखेला पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला, राजधानी जळू लागली आणि विमानतळ बंद झाला. १२ तारखेला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. श्रीलंकेत ज्याला चौदा आठवडे लागले ते येथे दोन दिवसांत उरकले. सात तारखेला काठमांडूत उतरलेल्या यात्रेकरूने कोणते पंचांग पाहावयाचे होते?

येथे एक यंत्रणा ओळखता येते. मागणी, मोर्चा, घोषणा येथवर प्रकरण रेंगाळत चालते. पण पहिल्या दिवशीच बरीच माणसे, विशेषतः विद्यार्थी, पोलिसांच्या गोळीने मेली, की मागणीचे रूपांतर सूडात होते, काल घरी बसलेला आईबाप वर्ग आज रस्त्यावर येतो, आणि शिपायांच्या मनातही हुकूम पाळावा की नाही असा विकल्प उत्पन्न होतो. बांगलादेशातही १६ जुलै २०२४ च्या मृत्यूंनंतरच आंदोलन आवाक्याबाहेर गेले. म्हणून माझ्या मते बातम्यांत मोर्चाचा आकार मोजत बसण्यापेक्षा एकच गोष्ट पाहावी: गोळी चालली का? चालली असेल, तर पुढचे तीन-चार दिवस कोणत्याही सज्जन हॉटेलवाल्याचे आश्वासन गृहीत धरू नये. आणि आपण त्या शहरात असलोच, तर त्या दिवसांत आपली जागा खोलीतच आहे.

इशारा देणाऱ्याची बाजू

परराष्ट्र खात्याचे इशारे प्रवाशाला भेकडपणाचे वाटतात, कारण ते लिहिणाऱ्याची अडचण त्याला दिसत नाही. इशारा विनाकारण दिला तर दूतावासाला फारशी झळ लागत नाही. दिला नाही आणि शंभर नागरिक अडकले, तर संसदेत जाब द्यावा लागतो आणि विमाने पाठवावी लागतात. साहजिकच इशारा लवकर येतो आणि सावकाश मागे घेतला जातो. अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांनी त्यासाठी चार पायऱ्या ठरविल्या आहेत, पहिली नेहमीच्या दक्षतेची आणि चौथी अजिबात न जाण्याची. ब्रिटन 'अत्यावश्यक कामावाचून जाऊ नये' आणि 'मुळीच जाऊ नये' असा भेद करते, आणि पुष्कळदा देशाच्या एखाद्या प्रांतापुरताच. आपले खाते अंक देत नाही. प्रसंगानुरूप वाक्ये देते. ९ सप्टेंबर २०२५ रोजी त्याने नेपाळचा प्रवास परिस्थिती निवळेपर्यंत लांबणीवर टाकावा आणि तेथे असलेल्यांनी आपापल्या निवाऱ्यातच राहावे असे सांगितले. या वाक्यांत क्रियापदे नीट वाचावीत. 'दक्षता घ्या', 'प्रवास टाळा', 'लांबणीवर टाका' आणि 'उपलब्ध साधनाने देश सोडा' या चार निरनिराळ्या अवस्था आहेत, आणि शेवटचे वाक्य आले म्हणजे तिकिटाच्या दराची घासाघीस करण्याची वेळ निघून गेलेली असते.

एका देशाचा इशारा पुरेसा वाटत नसेल तर दोन-तीन देशांचे वाचावेत. त्यांत राजकारणाचा अंश असतोच. मित्रराष्ट्राविषयी लिहिताना लेखणी मऊ होते. ज्या मुद्द्यावर एकमेकांशी न पटणारी सरकारेही एकच भाषा बोलतात तो बहुधा खरा.

पैशाचा हिशेब

प्रवासविमा काढला आहे, तेव्हा चिंता नाही, असे म्हणणाऱ्याने पॉलिसीतील अपवादांचे पान वाचलेले नसते. बहुतेक विमापत्रांत युद्ध, बंड, नागरी उपद्रव यांना पूर्णतः किंवा अंशतः वगळलेले असते. विमा उतरविण्यापूर्वीच जी घटना सर्वांस ठाऊक होती तिच्यापासून झालेले नुकसान भरून मिळत नाही. दंगल सुरू झाल्यावर विमा काढणे निरर्थक ठरते ते यामुळे. आणि केवळ भीती वाटली म्हणून प्रवास रद्द केला, तर तो आपल्या मर्जीचा विषय मानला जातो. सरकारने जाऊ नका म्हणून सांगितले असताना गेल्यास, ब्रिटनमध्ये तर सर्रास, उतरविलेला विमाही निकामी होतो.

विमानाचा नियम निराळा आहे. कंपनीने उड्डाण रद्द केले तर भाडे परत मिळते किंवा दुसऱ्या उड्डाणात जागा मिळते. राजकीय अस्थैर्यामुळे रद्द झाले असल्यास आपल्याकडील नियमांप्रमाणे वेगळी भरपाई मात्र मागता येत नाही. आपण रद्द केले तर कपात आपल्या खिशातून. यातून एक चमत्कारिक शर्यत सुरू होते: प्रवासी वाट पाहतो की कंपनी आधी हात टेकेल, आणि कंपनी वाट पाहते की प्रवासी आधी कंटाळेल. हॉटेलची विनाशुल्क रद्द करण्याची मुदत बहुधा या शर्यतीच्या मध्येच संपते. म्हणून ती तारीख प्रथम वहीत टिपून ठेवावी आणि निर्णय तिच्या आदल्या दिवशी करावा. विमानाच्या तारखेपर्यंत ताणू नये.

तथापि सर्वांत मोठा हिशेब निराळाच आहे, आणि तो ज्याचा त्याने करावयाचा असतो. परतीच्या तारखेनंतर चार दिवस अधिक अडकलो तर मला सोसेल काय? विशीतील पत्रकाराला ती चार दिवसांची गोष्ट सांगण्यासारखी कथा होईल; मोजक्या इन्सुलिनच्या कुप्या घेऊन मुक्तिनाथला निघालेल्या सत्तरीच्या गृहस्थांना ती होणार नाही. रजा, औषधे, लहान मूल, घरी एकटी राहिलेली आई, क्रेडिट कार्डाची मर्यादा, ही त्या माणसाची ऐपत झाली. एकाच देशाविषयी, एकाच सकाळी, शेजारच्या दोन घरांनी परस्परविरुद्ध निर्णय घ्यावेत आणि दोन्ही बरोबर असावेत, हे म्हणूनच शक्य असते. सहलीच्या कंपन्या सगळ्या गटाला एकच उत्तर देतात, ही त्यांची सोय आहे.

गेल्याने कोणाचे भले

आपण गेल्याने तेथील गरिबांना चार पैसे मिळतील, असा युक्तिवाद अशा वेळी हटकून केला जातो. श्रीलंकेच्या बाबतीत तो फोल नव्हता. तिला डॉलरच हवे होते आणि खुद्द आंदोलकांचाही परदेशी पाहुण्यांवर राग नव्हता. २४ जूनला कोलंबोतील अखेरच्या एकदिवसीय सामन्यात प्रेक्षकांनी पिवळे कपडे घालून ऑस्ट्रेलियन संघाचे आभार मानले होते. पण औंग सान सू ची यांनी १९९६ साली पर्यटकांनी ब्रह्मदेशात येऊ नये, कारण तो पैसा लष्करी राजवटीला पोचतो, असे आवाहन केले होते, तेही खोटे नव्हते. जेथे लोकांनीच बोलावले आहे आणि जेथे लोकांनीच येऊ नका म्हटले आहे, त्या दोन देशांना एक तराजू लावता येत नाही. मात्र परोपकाराची ही भाषा आपल्या बुडणाऱ्या पैशांवर पांघरूण घालण्यासाठी तर वापरत नाही ना, एवढे प्रत्येकाने आपल्याशी तपासून पाहावे.

राहिला प्रश्न वादळानंतरचा. २०१८ साली श्रीलंकेत २३ लाखांहून अधिक पर्यटक आले होते. २०२२ मध्ये सुमारे ७ लाख २० हजार आले आणि २०२४ मध्ये २० लाखांच्या वर. राष्ट्राध्यक्ष पळाले जुलै २०२२ मध्ये, पेट्रोलच्या रांगा राष्ट्रीय इंधन-परवान्याच्या नव्या पद्धतीमुळे पुढील काही महिन्यांत ओसरल्या. गिऱ्हाईक मात्र बरेचसे परतायला दोन वर्षे लागली. लोकांच्या मनात वाड्यातील तरणतलावाचे चित्र ठसले होते, पंपावरच्या रांगा संपल्याचे चित्र कोणी दाखविलेच नव्हते. त्या मधल्या काळात खोल्या स्वस्त होत्या, किल्ल्याचा तट मोकळा होता, आणि २०२३ च्या उत्तरार्धात तर सरकारने भारतीयांना व्हिसाचे शुल्कही काही काळ माफ केले होते.